श्रीमती टू-स्टेप व्हेरिफिकेशन यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती टू-स्टेप व्हेरिफिकेशन,
मु. पो. सेटिंग्ज, ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’च्या आत.

सा. न. वि. वि.

तमाम खातेधारकांच्या वतीने आपल्याविरुद्ध ही जाहीर तक्रार. पासवर्ड बरोबर टाकला तरी आपण दारात आडव्या येता आणि वर सहा आकडी कोड मागता. मोबाइल नेमका आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. त्यासाठी उठावे लागते. ज्या गृहस्थाने फेसबुक, इन्स्टाग्राम, ईमेल आणि वीजबिल या सगळ्यांना एकच पासवर्ड लावून आयुष्य सुटसुटीत करून घेतले, त्याच्यावर एवढा अविश्वास बरा नव्हे.

खुद्द मार्क झकरबर्ग यांनीही सुटसुटीतपणाच पाहिला असावा. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरीला गेलेले कोट्यवधी पासवर्ड २०१६ मध्ये विक्रीला आले आणि त्याच जूनमध्ये झकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती ‘अवरमाइन’ नावाच्या टोळीने उघडली. लिंक्डइनच्या यादीतला ‘डाडाडा’ हा पासवर्ड इथेही चालून गेला, असे टोळीचे म्हणणे. कुलूप तोडले नाही, खिडकी फोडली नाही. जुना पासवर्ड टाकून पाहिला, इतकेच. अशा वेळी आपण मध्ये कडमडला असतात तर आलेल्या पाहुण्यांची केवढी गैरसोय झाली असती!

आपल्याला रजा देणाऱ्यांत मोठमोठी मंडळी आहेत. भारतात जशी सेबी, तशी अमेरिकेत शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे एसईसी. तिच्या कर्मचाऱ्यांना एक्सवरच्या (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या) कार्यालयीन खात्यात शिरताना अडचण येऊ लागली, म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनी कंपनीला सांगून आपल्याला बंद करवले. अडचण मिटली, आपल्याला परत कामावर घ्यायचे मात्र राहून गेले. ऑक्टोबरमध्ये संस्थेचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी सायबर जागरूकता महिन्यानिमित्त जनतेला उपदेश केला. त्यात आपली सेवा घेण्याचाही सल्ला होता.

९ जानेवारी २०२४ रोजी त्याच कार्यालयीन खात्यावर घोषणा झळकली : बिटकॉइनच्या ईटीएफना, म्हणजे शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या फंडांना, मंजुरी. बिटकॉइनचा भाव हजार डॉलरहून अधिक चढला आणि घोषणा खोटी असल्याचा खुलासा येताच दोन हजारांहून अधिक घसरला. झाले होते ते असे. अलाबामातल्या एका पंचविशीतल्या तरुणाने स्वतःच्या प्रिंटरवर खोटे ओळखपत्र छापले, हंट्सव्हिलमधल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘मी एफबीआयचा माणूस, फोन फुटलाय, नवे सिम हवे’ असे सांगितले आणि एसईसीच्या खात्याला जोडलेला नंबर आपल्या खिशात घातला. मग रोख पैसे मोजून आयफोन घेतला, त्यावर आलेला पासवर्ड बदलण्याचा कोड साथीदारांना कळवला, आणि बर्मिंगहॅमला जाऊन तो फोन परत करून पैसेही सोडवून आणले. पुढे ‘एफबीआय आपला तपास करतेय हे नक्की कसे ओळखावे’ हेही त्याने इंटरनेटवर शोधले. २०२५ मध्ये त्याला १४ महिन्यांची शिक्षा झाली. एवढ्या खटपटीत त्याला एकही माणूस ‘थांबा, दुसरी खूण दाखवा’ म्हणणारा भेटला नाही. त्या खात्यावर हे म्हणायचे काम आपले होते आणि आपण सहा महिने घरी बसवलेल्या.

आता आपल्या घराण्याविषयी थोडे. आपली एसएमएस नावाची बहीण भोळी आहे. नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात ती कोड ठेवते. माणूस कोण आहे ते पाहत नाही. ३० ऑगस्ट २०१९ रोजी ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नंबर असाच दुसऱ्याच्या सिमवर गेला आणि एसएमएसने ट्वीट करण्याच्या सोयीतून त्यांच्या खात्यावर शिवीगाळ सुरू झाली. ऑथेंटिकेटर अ‍ॅप ही बहीण अधिक पक्की : कोड फोनमध्येच तयार करते, सिम कोणी पळवले तरी तिचे काही बिघडत नाही. मात्र मालकानेच तो कोड बनावट पानावर टाइप केला तर तिचाही इलाज चालत नाही. सगळ्यांत खमकी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली. खरी वेबसाइट असल्याशिवाय ती बोलतच नाही. मार्च २०२३ मध्ये एक्सने (तेव्हाच्या ट्विटरने) एसएमएसची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना ठेवली आणि अ‍ॅपची फुकट सोडली. म्हणजे कच्चे कुलूप विकत आणि पक्के मोफत! तरीही फुकटाचे घ्यायला गर्दी उसळल्याचे ऐकिवात नाही.

आणि आमच्या स्वभावाचे काय? व्हॉट्सअ‍ॅपवर मावसभावाचा मेसेज येतो : ‘चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड गेलाय, जरा पाठव ना.’ नात्यातला माणूस मागतोय म्हटल्यावर नाही कसे म्हणायचे? कोड जातो, पाठोपाठ खातेही जाते. मावसभावाचे खाते सकाळीच गेलेले असते आणि संध्याकाळपर्यंत ‘अर्जंट दहा हजार पाठव, उद्या देतो’ असे मेसेज सगळ्या गोतावळ्याला आमच्या नावाने पोहोचतात. आपला स्वतंत्र सहा आकडी पिन आधी लावून ठेवला असता तर चोर तिथेच अडकला असता. पण मग नातेवाइकांची ख्यालीखुशाली कोणी विचारली असती?

सबब, आपण सेटिंग्जमध्ये आहात तिथेच पडून राहावे, ही विनंती.

आपले,
तूर्त लॉग-इन असलेले खातेधारक

ता. क. : वरील मजकूर मागे घ्यायचा असल्यास क्रम असा. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि शक्य तिथे पासकी किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावावे. फेसबुक दहा रिकव्हरी कोड देते. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत, फोन हरवला तर तेच कामी येतात. ‘कुठे कुठे लॉग-इन आहे’ ही यादी उघडून अनोळखी फोन आणि गावे काढून टाकावीत. फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला लगेच विचारावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.