जन्म हैदराबाद, वाढ खालापूर

गटारीच्या आधीच्या रविवारी मी गावठी कोंबडी आणायला कर्जतला गेलो, त्याला कारण भाचा. टेक्सासहून बारा वर्षांनी आलेला. "मामा, तिथलं चिकन म्हणजे ओला कापूस," एवढंच तो बोलला आणि मी भर जेवणात घोषणा करून बसलो, की तुला खरी गावठी खिलवतो. आमच्या डोंबिवलीत मला कोंबडीतला जाणकार समजतात. समजणारा माणूस एकच आहे. तोच हे लिहितोय.

कर्जत स्टेशनाबाहेर पाऊस कोसळत होता. पत्र्याच्या आडोशाला ठाकरवाडीतली एक बाई बसली होती. समोर टोपलीत पाय बांधलेल्या दोन कोंबड्या.

"घरची हाय दादा. दारातच चरती."

मी एक उचलून पाहिली. जेमतेम किलोभर, अंगावर मांस कमी आणि राग जास्त. भाव ऐकून मी जाणकाराला शोभेल असं हसलो. "एवढ्याशा जिवाचे एवढे पैसे?"

"सात महिने संबाळलीय, दादा."

हे सात महिने मला पटेनात. शेडमधला ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत दोन किलोचा होतो, ही माहिती मला नको तिथे आठवते. मी कोंबडी परत टोपलीत ठेवली. तिनेही मला एक चोच मारून निरोप दिला.

मग रिक्षा करून चौक रस्त्याने खालापूर तालुक्यात शिरलो. तिथे पाटी होती : '१०० टक्के शुद्ध गावठी'. पाटीवर कौलारू घर, उगवता सूर्य आणि आमदारासारखा छाती काढून उभा असलेला कोंबडा. आत शेडमध्ये तांबूस, तुकतुकीत, दोन-दोन किलोच्या कोंबड्या. लाल टोपीवाले मालक म्हणाले, "साहेब, एकदम ओरिजिनल." बाईला नाकारलेल्या पैशांच्या दुप्पट पैसे मी आनंदाने मोजले. रिक्षाचे वेगळे.

घरी बायको म्हणाली, "अहो, चार शिट्ट्या करून बघूया का?" मी म्हटलं, गावठी आहे, आठ कर. झाकण उघडलं तेव्हा हाडं एकीकडे आणि मांस रश्श्यात विरघळलेलं. भाचा पळीने तळ ढवळत राहिला. "मामा, तुकडे?"

"रश्श्यात उतरलेत," मी म्हणालो.

मग त्याने मला शिकवायला घेतलं. अमेरिकेत म्हणे मध्यंतरी बीफच्या पाकिटावर तीन गोष्टी छापायच्या : जनावर जन्मलं कुठे, वाढलं कुठे, कापलं कुठे. तिथल्या बऱ्याच गोपालकांना हे हवं होतं. मांस कंपन्यांना नको होतं, कारण देशवार जनावरं वेगळी ठेवायचा खर्च त्यांच्यावर. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेकडे गेले आणि जिंकले; वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलरच्या मालावर जादा जकात लावायची मुभा त्यांना मिळाली. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने बीफ आणि पोर्कवरची ती सक्ती उठवली. "चिकनवर मात्र अजून आहे," भाचा माझ्याकडे रोखून बघत म्हणाला.

मी फार्मला फोन लावला. पिल्लं कुठली?

"हैदराबादची वनराज, साहेब. कधी बंगळुरूची गिरिराज."

म्हणजे जन्म हैदराबाद, वाढ खालापूर, आणि उरलेला विधी माझ्यासमोर. यात त्या कोंबडीचा काडीचा दोष नाही. गरिबाच्या परसात जास्त अंडी, जास्त मांस मिळावं म्हणून शास्त्रज्ञांनीच या जाती तयार केल्या. परसातून शेडमध्ये येऊन मका-सोयाबीनचं खाद्य खाल्लं, तरी पिसं रंगीतच राहतात आणि पाटीवरच्या 'गावठी'ला तेवढं पुरतं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या रायगडात अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही मिळालंय. कर्जतच्या टोपलीतल्या कोंबडीकडे मात्र 'घरची हाय' एवढाच दाखला, आणि तो मी डोळ्यांदेखत फेटाळला होता.

गटारीच्या दिवशी पहाटेची लोकल पकडून पुन्हा कर्जत गाठलं. बाई तिथेच होती. टोपली रिकामी.

"आत्ताच संपल्या, दादा. लाल टोपीवालं शेट हायेत, चौककडं फारम हाय त्यांचं. दर गटारीला घरी खायाला माझ्याकडूनच नेत्यात."