तोंडाचा पट्टा तुटत नाही

शनिवारी सकाळी नऊला नागावहून भाच्याचा फोन आला. "मामा, गेला रे." आमच्या घरात असा फोन आला की कोण गेलं हे विचारण्याआधी गॅस बंद करतात. तो मी केला. मग कळलं, गेला तो एटीव्हीचा बेल्ट. नागावच्या किनाऱ्यावर फुगीर टायरांच्या चारचाकी फटफट्या फिरतात ना, त्यातली एक भाच्याची. दिवाळीची सुट्टी, किनाऱ्यावर अर्धं पुणं आणि उरलेली मुंबई उतरलेली, आणि गाडी सुरूच्या झाडाखाली उभी.

"नाना पेठेतून बेल्ट घेऊन पाठव."

"कुठला?"

"चांगला."

या शब्दावर आपल्याकडे आंबे, स्थळं आणि क्लासेस ठरतात, मग बेल्टनं काय घोडं मारलंय? पिशवी घेतली आणि निघालो.

निघालो म्हणजे जिन्यापर्यंत पोचलो. तिथे शेजारचे निवृत्त अभियंते भेटले. ते पूल बांधायचे, पण रबरावर बोलायला त्यांना कुणाची हरकत नसते. "काही घेऊ नका, आतून झिजलाय फक्त. राळ लावा." खाली पिठाच्या गिरणीवाल्यानंही तेच सांगितलं. त्याच्या गिरणीचा पट्टा सरकायला लागला की तो चालत्या पट्ट्यावर राळ फासतो आणि पट्टा गुमान चिकटून फिरतो. त्याच्या पट्ट्याला तेवढंच काम आहे. एटीव्हीच्या बेल्टला मात्र फिरता फिरता चढउतारही करायची असते. तिथे राळ लावणं म्हणजे जिना चढणाऱ्या माणसाच्या तळव्यांना गोंद फासणं.

कारण या गाडीत पाय मारून टाकायचे गिअर नाहीत. तुमच्या बिनगिअरच्या स्कूटरसारखंच सगळं. दोन पुल्या, आणि प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्या. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीच्या थाळ्या जवळ येतात आणि बेल्टला कडेकडे ढकलतात. मागच्या पुलीच्या थाळ्या फाकतात आणि बेल्ट मध्याकडे उतरतो. हॉलंडच्या डाफ कंपनीनं 1958 मध्ये अशा रबरी पट्ट्यांवर चालणारी मोटार लोकांपुढे आणली. ती जेवढी पुढे पळायची तेवढीच मागेही पळायची, म्हणून डच मंडळींनी पुढे या गाड्यांच्या उलट्या शर्यती लावल्या. पुण्यात उलट्या दिशेनं सुसाट जायला एवढी यंत्रणा लागत नाही, ते सोडा.

मुद्दा असा की या गाडीत बेल्टची रुंदी हाच गिअरबॉक्स. एखाद्या मिलिमीटरनं अरुंद बेल्ट घातला की सुरुवातीला पुलीची पकड उशिरा बसते, आणि थाळ्या पूर्ण मिटल्या तरी तो कडेपर्यंत चढत नाही. गाडी बोंबलते जास्त, पळते कमी. जास्त रुंद घातला तर उभ्या उभ्याच थाळ्यांत अडकतो आणि ब्रेक सोडला की गाडी आपणहून रांगायला लागते. बाजूंचा उतार चुकला तर बेल्ट नुसत्या एका कडेवर टेकतो, आणि सगळा भार त्या बोटभर पट्टीवर येऊन ती भाजते. गिऱ्हाईक म्हणतं, पिकअप नाही. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलमध्ये भेसळ आहे.

नाना पेठेत पहिल्या दुकानात मी जुना बेल्ट काढून ठेवला (भाच्यानं फोन करण्याआधीच पहाटेच्या एसटीनं पाठवला होता, ड्रायव्हरच्या पायाशी, गोणपाटात). काउंटरवरच्या माणसानं तो न बघताच फळीवरून एक काढला. "हाच. सेम टू सेम."

"कशावरून?"

"बघा ना. काळा आहे, दाते आहेत."

या निकषावर मांडुळही एटीव्हीत बसेल. मी टेप मागितला. त्यानं जुना बेल्ट मोजला, नवा मोजला आणि विजयानं पाहिलं: मापं जुळत होती. आता जुना बेल्ट झिजून अरुंद झालेला, आणि नवा कोरा त्याच्याच मापाचा. म्हणजे मला चपलेच्या तळव्याला पडलेलं भोक मोजून तेवढ्याच भोकाची नवी चप्पल मिळत होती.

स्कूटरवाले या बाबतीत सुखी. त्यांच्या पुष्कळ बेल्टवर 835-20-30 असा उतारा छापलेला असतो: लांबी 835 मिलिमीटर, रुंदी 20, उतार 30 अंश. जन्मपत्रिकाच. मोठ्या एटीव्हीच्या बेल्टवर बहुतेक वेळा नुसता पार्ट नंबर असतो, आणि तो पुसला गेला असेल तर गाडीचं पुस्तक उघडावं लागतं. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, सालही लागतं; त्याच नावाच्या गाडीत कंपनी मधल्याच वर्षी क्लच बदलते आणि नंबरही बदलतो. पुस्तक कुठाय म्हणून भाच्याला विचारलं. ते सीटखाली होतं, प्लास्टिकसकट, न उघडलेलं. नारळपाणीवाल्याचा हिशेब मात्र त्याच्या मागच्या पानावर होता. बाहेरच्या बाजूनं.

नंबर मिळाला, आणि लगेच किंमतही. कंपनीचा पाच आकडी, बाहेरचा त्याच्या तिसऱ्या हिश्शात. इथं आपल्याकडे दोनच पंथ. एक म्हणतो, कंपनीचाच, मग घर विकावं लागलं तरी चालेल. दुसरा म्हणतो, सगळे एकाच कारखान्यात बनतात, नुसतं खोकं वेगळं. दोघांनाही आत कुठले दोर आहेत हे विचारू नका. रबराच्या पोटात ओढ सोसणारे दोरे असतात: साधे पॉलिस्टरचे, किंवा अ‍ॅरामिडचे, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटाच्या जातीचे. तापलेल्या डब्यात तासन् तास ओढ सोसायची तर दुसरे बरे. नामांकित बेल्टवाले हे छापतात. खोक्यावर ज्याच्याबद्दल फक्त 'हेवी ड्यूटी' लिहिलंय, त्याची ड्यूटी खोक्यापुरतीच असावी.

पण खरं कोडं तिसऱ्याच दुकानात सुटलं. तिथला म्हातारा कारागीर नवा बेल्ट दाखवायलाच तयार नाही. "आधी हा मेला कशानं ते बघू." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि बेल्ट बोटांत धरून जपमाळेसारखा पुढे सरकवत नेला. बाजू सगळीकडे खरखरीत, धड. मग एका जागी थांबला. तिथे चार बोटं लांब दोन्ही बाजू आत खाल्लेल्या, आरशासारख्या चकचकीत, डमरूच्या कमरेसारख्या. वास घेतला. जळका.

"गाडी रुतली होती. चाकं हलत नव्हती आणि यानं ॲक्सिलरेटर दाबून धरला. पुली फिरली, बेल्ट उभा राहिला, एकाच जागी भाजला. बेल्टचा दोष नाय."

सगळ्या बाजू सारख्या चकचकीत असत्या तर सरकत होता, पाणी किंवा ग्रीस गेलंय. एकाच कडेचे दोरे सुटले असते तर पुल्या रेषेत नाहीत. दाते उपटले असते तर झटके मारलेत. मेलेला बेल्ट एवढं बोलतो, आणि आपण तो टपरीमागं फेकून चांगला आणायला पळतो.

भाच्याला फोन लावला. सुरुवातीला तो म्हणाला, काही नाही, असाच तुटला. मग म्हणाला, कोरड्या वाळूत गेली होती थोडी. मग म्हणाला, दोघांच्या सीटवर चौघं होते. आणि मग, हाय गिअरमध्ये. जड कामाला लो असतो हे त्याला माहीत आहे. पर्यटकांना लोमध्ये मजा येत नाही. ते चौघं पुण्याचेच होते हे त्यानं मुद्दाम सांगितलं.

योग्य नंबराचा बेल्ट घेतला, अ‍ॅरामिडवाला, बाहेरच्या कंपनीचा, दोन नग. एक चढवायला, एक सीटखाली त्या पुस्तकाच्या सोबतीला. बरोबर कारागिराच्या सूचना: डब्यातले जुन्याचे सगळे तुकडे आणि दोरे काढ, पुल्यांच्या थाळ्या स्पिरिटनं पूस, ग्रीसचा हात लावू नको, बाण फिरायच्या दिशेनं, आणि पहिले पन्नास किलोमीटर सबुरीनं. भाच्यानं सगळं ऐकलं. फक्त सबुरीवर म्हणाला, "मामा, सीझन आहे."

जुना बेल्ट त्यानं आता तिकिटाच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलाय. गेल्या रविवारी मी तिथंच बसलो होतो. पाच जण आले आणि पाचही चढले. पुढच्यानं खिळ्याकडे बघून विचारलं, हे काय? भाचा म्हणाला, "चौघं बसले होते."

एक उतरला.