ओरिजिन कुठलं?

आमच्या करारकाकांना आंब्याची पेटी दाखवायची सोय नाही. कौतुक राहिलं बाजूला, पहिला सवाल, "ओरिजिन कुठलं?" पेटीवर देवगड छापलंय म्हणावं, तर म्हणतात, "छापणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? तळाचा पेपर काढ." काढावा, तर तो नेमका कन्नड निघतो.

तीस वर्षं न्हावाशेव्याला कस्टम क्लिअरिंग केलेला माणूस. रिटायर झाला, पण डोक्यातून आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांचा गट, काही गेला नाही. भारत-आसियान मालाच्या करारावर सही १३ ऑगस्ट २००९ ला, बँकॉकमध्ये. अंमल १ जानेवारी २०१० पासून. या तारखा पाठ, स्वतःच्या लग्नाची मात्र काकूंना विचारून सांगणार. "सही म्हणजे साखरपुडा रे. खरी बोलणी पुढेच असतात!"

बोलणी पुढे का, हेही ऐकावंच लागतं, कारण तोवर चहा आलेला असतो. सवलतीची ड्यूटी हवी, तर माल खरोखर तिथलाच हवा. म्हणजे किमान पस्तीस टक्के मूल्य त्या देशांतलं आणि शिवाय कच्च्या मालाचं कस्टमच्या यादीतलं सबहेडिंग बदललेलं. लोक भलतीकडचा माल फिरवून आणायला लागले, तेव्हा २०२० मध्ये सरकारने पुरावा ठेवायची जबाबदारी आयातदाराच्याच गळ्यात घातली. तरी आसियानशी तूट वाढत वाढत २०२२-२३ मध्ये ४३ अब्ज डॉलरच्या वर गेली. कराराच्या फेरआढाव्याचं गाडं तेव्हा कुठे हललं. २०२५ मध्ये उरकायचं म्हणत होते. "दहा देश एका बाजूला, रे! आपल्याकडे दोन भावांची वाटणी दहा वर्षांत होत नाही."

गेल्या दिवाळीत काकूंनी चकलीची भाजणी विकतची आणली. काका डबा उघडून, "यात पस्तीस टक्के तरी घरचं आहे का?"

काकू कढईवरून मान न वळवता म्हणाल्या, "भाजणीची चकली झाली ना? सबहेडिंग बदललं. खा मुकाट्याने."

काका चार चकल्या खाऊन उठले. काकूंना एवढी वर्षं वाशी सेक्टरातच बसवून ठेवलं, हे देशाचं नुकसान आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारच्या सोसायटीशी आमचा एक समझोता आहे. आमच्या बोअरचं पाणी त्यांना, त्यांच्या मागच्या गेटातून गाड्या आमच्या. काकांनी त्यात हट्टाने कलम घातलं, दर सहा महिन्यांनी फेरआढावा. आम्ही तेव्हा हसलो होतो. पुढे पाणी आटलं, गाड्या वाढल्या, त्यांचा सेक्रेटरी बदलला. दर वेळी दोन्हीकडचे लोक टेबलाशी बसले, तावातावाने बोलले, एखादी ओळ खोडली, एखादी घातली. आजवर ना पाणी बंद झालं, ना गेट.

पुढची फेरी रविवारी सकाळी दहाला आहे. या खेपेस बटाटेवडे त्यांच्याकडून.