वेळासचा कारकून

वेळासला वसंत आला हे मला कोकिळावरून कळत नाही. तो जानेवारीतच घसा खाकरायला लागतो आणि त्याच्या भरवशावर कुणी आंब्याचा सौदा करू नये. मोहोराचंही तेच. आज अंगभर मिरवेल, उद्या धुकं पडलं की अंगणात भुसा होऊन पडेल. माझी पक्की खूण वेगळी आहे. फाटकापाशी एक गाडी थांबते, तिची काच निम्मीच खाली येते आणि आतून सावध आवाजात प्रश्न येतो, ‘काका, चावतो का हो?’ फेब्रुवारीत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडतो, मग एप्रिल सरेपर्यंत पडतच राहतो. विचारणारा पुण्याचा असो, डोंबिवलीचा असो, बागमांडल्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आलेला असो की मंडणगडाकडून घाट उतरलेला असो, शब्द तेच आणि काच तेवढीच खाली. मी सांगतो, ‘चावत नाही. फक्त नोंद करतो.’

यात थट्टा थोडीच आहे. हा प्राणी आमच्याकडे आला तो एका आषाढातल्या रात्री, पागोळ्यांखाली, ओल्या पायपुसण्यासारखा. तांबूस, भाजक्या खोबऱ्याच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. सकाळी उठून त्यानं घरातल्या प्रत्येकाला, गोठ्याला, तुळशीला, माझ्या दोन्ही चपलांना नाक लावून पाहिलं आणि मग समाधानानं पायरीवर बसला, जसं काही दप्तर जुळलं. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. त्यांचा पुतळा आहे गावात. तेव्हा याचं नाव ‘फडणवीस’ ठेवावं असं माझ्या मनात आलं. पण ‘गावच्या एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कुत्र्याला?’ असं म्हणून हिनं डोळे वटारले. मग मी त्याला हुद्द्यानं चार पायऱ्या खाली उतरवलं आणि ‘कारकून’ म्हणू लागलो. मुंबईत छत्तीस वर्षं मी तेच होतो, त्यामुळे नाव घरातल्या घरातच राहिलं.

पावसाळ्याचे चार महिने कारकून माझा असतो. पाऊस कोसळत असताना आम्ही दोघं पडवीत बसतो, मी पेपर वाचतो आणि तो माझ्याकडे पाहत वाचन संपायची वाट बघतो. थंडीतही माझाच. फेब्रुवारी लागला, पुळणीवरच्या हॅचरीतल्या टोपल्यांखाली हालचाल सुरू झाली, मुंबई-पुण्याकडची माणसं कासवाची पिल्लं बघायला येऊ लागली, की माझी मालकी आपोआप रद्द होते. एकाच आठवड्यात तो ब्रूनो होतो, सिंबा होतो, ऑस्कर होतो. एका मुलीनं त्याला ‘लाडू’ म्हटलं होतं, आणि मार्चअखेरीचं त्याचं पोट पाहता त्या मुलीला दूरदृष्टी होती असं मला वाटतं. तो कुठल्याही नावाला शेपूट हलवतो. विष्णूनंतर इतक्या नावांना ओ देणारा हाच. फक्त ‘कारकून’ अशी मी हाक मारली की पडलेला कान तसाच पडलेला ठेवतो. घरच्या माणसानं हाक मारली म्हणून लगेच उठायचं नसतं, हे त्याला माझ्याकडे बघूनच कळलं असावं.

आमच्या गावात हॉटेलं अशी नाहीत. पाहुणे घराघरांत उतरतात, माजघरात सतरंज्या पडतात, आणि ओल्या काजूंची उसळ, आमटी, भात, सोलकढी, नशिबात असेल तर उकडीचे मोदक, असं साधं जेवण पानात पडतं. ही वाढते, मी पाणी देतो. कारकून मागच्या दाराशी बसून कोण पानात काय टाकतं याची खानेसुमारी करतो. रात्री पाहुणे त्याच्या अंगावरून हात फिरवत आपापल्या घरांच्या गोष्टी सांगतात. मला सांगत नाहीत, त्याला सांगतात. ऑफिस, हप्ते, भांडणं. एकदा एक गृहस्थ बराच वेळ त्याच्याशी बोलत होते. सकाळी चहाला आले तेव्हा त्यांचा चेहरा हलका झाला होता आणि याचा जड. दिवसभर झोपून होता. ग्लुकोजची बिस्किटं म्हणावीत तर ती रोजचीच.

आणि तरीही, ज्या कासवांसाठी ही सगळी माणसं येतात, त्यांच्या दरबारात कारकून गुन्हेगार आहे. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री पुळणीवर चढतात, वाळूत हात-दीड हात खड्डा करतात, टेबलटेनिसच्या चेंडूंसारखी शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू थापून पुन्हा समुद्रात जातात आणि मागे वळून पाहत नाहीत. कोल्हा, घोरपड, खेकडा आणि कुत्रा यांना तो खजिना नाकानं सापडतो. म्हणून पहाटे कासवमित्र पायांचे माग काढत जातात, अंडी उचलून हॅचरीत तशाच खड्ड्यांत पुरतात, आणि गावातल्या जबाबदार माणसांनी आपापली कुत्री आवरायची असतात. फेब्रुवारी ते एप्रिल पहाटे आणि तिन्हीसांजा कारकून काथ्याच्या दोरीनं पडवीच्या खांबाला बांधलेला असतो. जगभरची माणसं पुळणीवर आणि गावचा मूळ रहिवासी खांबाला. बांधताना तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की मला जुने निलंबनाचे कागद आठवतात.

त्याची बाजू मला कुठेतरी पटते. आमच्या लहानपणी कासवाची अंडी गावात खाल्ली जात, विकलीही जात. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करायचा आणि तोच हात दुसऱ्या दिवशी वाळूत घालायचा, यात कुणाला काही विसंगत वाटत नसे. आजी म्हणायची, देवळातलं कासव वेगळं, ते देवाकडे तोंड करून असतं. (पुळणीवरचं समुद्राकडे तोंड करून जातं हे खरं, पण हा काही न्याय नव्हे.) अंडी काढायला जाणाऱ्यांबरोबर त्यांची कुत्री असत, नाक कुत्र्याचं आणि टोपली माणसाची, अशी ती भागी होती. मग 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आली, त्यांनी गावाशी बोलणी केली, गावातल्याच पोरांना कासवमित्र केलं. 2006 मध्ये पहिला कासव महोत्सव भरला आणि अंडी खाण्यापेक्षा राखण्यात चार पैसे अधिक आहेत हे सगळ्यांना दिसलं. माणसांचं मतपरिवर्तन झालं. मात्र भागीदाराला कुणी परिपत्रक धाडलं नाही. आजही त्याला वाटत असणार, की ही मंडळी टोपल्या घेऊन पहाटे निघाली आहेत आणि मला नेमकं आजच विसरली.

एकदा सुटला. तिन्हीसांजेची वेळ, काथ्याची दोरी जुनी झालेली, ती तुटली आणि तो तडक पुळणीवर. मी मागे, चपला हातात. गर्दी हॅचरीपाशी दोरीमागे दाटीवाटीनं उभी होती, बापांच्या खांद्यांवर पोरं, सगळ्यांचे श्वास रोखलेले, कारण नुकतीच टोपली उचलली होती. कारकून तिकडे गेलाच नाही. तो लांब दक्षिणेला, सुरूच्या झाडांजवळ, जिथे कुणी नव्हतं तिथे वाळू उकरत होता. कासवमित्रांच्या नजरेतून निसटलेलं घरटं! मी धावत जाऊन त्याचा उभा कान धरला. खड्ड्यात पाहिलं तर टरफलं. नुसती सुकलेली, कागदासारखी, दुमडलेली टरफलं. पिल्लं कधीच निघून गेली होती, कुणाच्या टाळ्यांशिवाय, कुणाच्या फोटोत न येता. कारकुनानं एक टरफल हुंगलं, एक शिंक दिली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी सापडलेली फाईल आणि आत कागदच नाहीत, असं ते पाहणं होतं. आम्ही दोघं तसेच तिथे बसून राहिलो. हॅचरीकडून लोकांचा ‘गेलं, गेलं!’ असा आवाज आला. मी कान सोडला नाही, पण धरलेला हात जरा सैल केला.

मध्येच शिमगा येतो. ढोल वाजायला लागले की कारकून पडवीतून दिसेनासा होतो, तो थेट माझ्या कॉटखाली, भिंतीला पाठ लावून, जगाशी संबंध तोडून बसलेला सापडतो. ग्रामदेवतेची पालखी दारात येते, ही ओटी भरते, पाहुणे मोबाइल उंच धरतात, पालखी खांद्यांवर नाचते. त्या दिवशी मात्र कुणी ‘चावतो का’ विचारत नाही. त्या एका दिवसापुरता त्याच्या खात्यातला सगळा भार माझ्यावर येतो आणि तो मला झेपत नाही. एका बाईंनी तर विचारलं, ‘तुमचा सिंबा दिसत नाही?’ मी म्हटलं, ‘रजेवर आहे.’

पाहुण्यांना सगळ्यात नवल वाटतं ते वाळूचं. वाळू तापलेली असली तर माद्या जास्त निपजतात, थंड असली तर नर, असं कासवमित्र सांगतात तेव्हा गर्दीतून हमखास कुणीतरी हसतं. एका आजी म्हणाल्या होत्या, ‘म्हणजे आमच्या वेळी सासूनं आम्हाला नाही, वाळूला बोल लावायला हवा होता.’ त्या आजी दुसऱ्या दिवशी निघाल्या तेव्हा त्यांनी कारकुनाच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत काहीतरी म्हटलं. आशीर्वाद असावा. तो कुत्र्याला क्वचितच मिळतो.

आणि मग जाणं. याबाबतीत कासवाचं पिल्लू आणि पाहुणा सारखेच. काड्यापेटीएवढं पिल्लू पाण्याच्या उजेडाच्या दिशेनं वल्ह्यांसारखे पाय मारत जातं, पहिली लाट त्याला मागे आणून टाकते, दुसरी घेऊन जाते, संपलं. हजारांत एखादंच मोठं होतं असं म्हणतात. जी मादी जगते ती दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, जन्मल्या किनाऱ्याच्या आसपास अंडी घालायला परत येते. 2022 च्या जानेवारीत इथल्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र चिकटवलं होतं. ‘प्रथमा’ तिचं नाव. ती कुठे पोहते आहे हे पुढे पेपरात छापून यायचं. मी कारकुनाला वाचून दाखवत असे. त्याच्या गळ्यात काथ्या, तिच्या पाठीवर यंत्र. दोघांवर पाळत, पण तिची बातमी होते.

पाहुण्यांचंही असंच. रविवारी दुपारी सामान गाडीत चढतं, कोकमाच्या बाटल्या, आंबापोळी, उरलेली बिस्किटं. गाडी सुरू होते आणि कारकून उठतो. तो भुंकत नाही, धावत नाही. गाडीच्या मागच्या चाकाच्या बाजूनं, एखाद्या जुन्या घरातला वडीलधारा निघालेल्याला पोचवायला जावा तसा, वेशीपर्यंत जातो. तिथे गाडी वेग घेते. तो थांबतो, बसतो आणि लाल धूळ खाली बसेपर्यंत बसून राहतो. मग परत येतो आणि पाणी पितो. एका वसंतात असे तो किती जणांना पोचवतो हे मी मोजलं नाही. त्याच्याकडे नोंद असेलच.

काही जण फोन करतात. ‘काका, आमचा ब्रूनो कसा आहे?’ मी सांगतो, बरा आहे. मीही बरा आहे, असं न विचारता जोडून देतो. फोन त्याच्या उभ्या कानाशी धरतो. पलीकडून लाडाचे आवाज येतात. तो फोन हुंगतो, त्यात बिस्किटाचा वास नसतो, तो तोंड फिरवतो. वास असल्याशिवाय तो कुणाला हजर मानत नाही. पण परवा एक कुटुंब पाच वर्षांनी आलं. तेव्हाची लहान मुलगी आता उंच झालेली, केस कापलेले, आवाज बदललेला. तिनं काच पूर्ण खाली घेतली आणि काही विचारलं नाही. ‘लाडू,’ एवढंच म्हणाली. कारकुनानं पडलेला कान उभा केला. तो कान उभा होतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आता मे लागेल. शेवटची टोपली उचलली जाईल, जाळी गुंडाळली जाईल, खांबाची दोरी खुंटीवर जाईल आणि मृगापर्यंत पुळण आम्हा दोघांची. पुढच्या वसंतात तुम्ही येणार असाल तर जरूर या. पहाटे नि तिन्हीसांजा पुळणीवर दोरीमागे उभे राहा, आवाज करू नका, फ्लॅश मारू नका. बिस्किटं बेतानंच आणा, डॉक्टरांनी त्याचं वजन कमी करायला सांगितलं आहे. आणि निघताना गाडी वेशीपर्यंत सावकाश चालवा. तो बाजूनं चालत असतो.