आडवा डबा, उभे फुगे

भीमाला पोहायला कोणी शिकवलं, हे महाभारत सांगत नाही. दुर्योधनाने त्याला जेवणातून विष दिलं, वेलींनी करकचून बांधलं आणि गंगेत लोटलं. तो तळाशी गेला, नागलोकात पाहुणचार झोडला आणि दहा हजार हत्तींचं बळ घेऊन वर आला. दंडाला फुगे नाहीत, कमरेला ट्यूब नाही, काठावर व्हिडिओ काढणारा काका नाही. पुढे आमच्या चिखलदऱ्यात कीचकाला मारून दरीत फेकल्यावर त्याने अंग धुतलं ते भीमकुंडात, असं इकडे सांगतात. तिथेही त्याने उतरण्याआधी कोणाला 'पाणी गार आहे का हो?' असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

त्याच चिखलदऱ्यात आमच्या सव्वादोन वर्षांच्या लेकीचा जलप्रवेश ठरला, तेव्हा गाडीच्या डिकीत निम्मी जागा हवेसाठी राखून ठेवावी लागली. म्हणजे तेव्हा ती हवा भरलेली नव्हती, पण मोह आवरेना म्हणून दिराने एक बदक परतवाड्यातच फुगवून पाहिलं आणि मग घाट चढेपर्यंत ते बदक सासूबाईंच्या मांडीवर बसलं. लेक माझ्या मांडीवर. दोघींनाही वळणांवर मळमळलं. बदकाला नाही.

आमच्या घराण्याचा आणि पाण्याचा संबंध तसा जेवढ्यास तेवढा. सासर दर्यापूरकडचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. मृत समुद्राइतकं खारं असतं, तर निदान पडल्या पडल्या तरंगता तरी आलं असतं. आमचं खारेपण तेवढंही उपयोगाचं नाही. नदी म्हणाल तर चंद्रभागा. पंढरपूरची नव्हे, आमची. ती याच चिखलदऱ्याच्या डोंगरातून उतरते आणि दर्यापूरकडे येईपर्यंत उन्हाळ्यात तिची वाळू उरते. तेव्हा अकोल्यात 45 अंश झाले की वऱ्हाडी माणूस पाणी शोधत नदीच्या उलट दिशेने डोंगर चढतो, हे तर्काला धरूनच आहे. वर सुमारे 1,100 मीटर उंचीवर हवा गार, कॉफीची झाडं, मोथ्याची रबडी, आणि आता हॉटेलांमधून निळ्या फरशीचे टँक.

फुगे पाठवले होते पुण्याच्या नणंदबाईंनी. त्यांच्या सोसायटीत मुलं चालण्याआधी पोहतात. खोक्यात दंडाला चढवायचे दोन नारिंगी फुगे, पाय घालून बसायची गोल सीट, पाठीला बांधायचे फोमचे तुकडे आणि छातीवर बकल लागणारं जॅकेट होतं. बदक आम्ही अमरावतीतून स्वतःच्या बुद्धीने घेतलं. नशीब, मानेभोवती घालायची ती रबरी चकती कोणी आणली नव्हती. बाळाचं डोकं वर आणि बाकीचं बाळ खाली लोंबकळतं, त्या चकत्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2022 मध्ये आईबापांना सावध केलं होतं. मी नुसता फोटो पाहिला होता. मला प्रशासनाची गरज पडली नाही.

दंडाच्या फुग्यांची गोष्ट मात्र मला आवडते. हॅम्बुर्गच्या बर्नहार्ड मार्कविट्झ नावाच्या गृहस्थांची तीन वर्षांची मुलगी लाल माशांच्या हौदात पडली. वाचली. पण बापाच्या डोक्यातून तो हौद काही जाईना, आणि त्यातून 1964 च्या सुमारास हे हवेचे दंडपंख बाजारात आले. एका घाबरलेल्या बापाने शोधलेली वस्तू आज जगभरचे घाबरलेले बाप फुंकतात. आमच्या दिराने एकट्याने सगळं फुंकलं, त्याला घेरी आली, आणि ती त्याने समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ढकलली.

तर टँकवर पहिल्या सकाळी काय झालं ते सांगते. छोटा टँक दीड फुटाचा. लेक उभी राहिली तर पाणी कमरेला. या खोलीला तोंड देण्यासाठी सासूबाईंनी देखरेख करून तिला आधी पाठीचा फोम, त्यावर जॅकेट, त्यावर दंडाचे फुगे आणि शेवटी कमरेला बदक असं सजवलं. गळ्यात नजरेचा काळा दोरा होताच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलावर एवढा साज चढवतात की खाली बैल आहे हे आठवणीवर समजून घ्यावं लागतं, तशी ती दिसत होती. आणि मग तिला अलगद पाण्यावर ठेवलं. 'पाण्यात' म्हणता येत नाही. एवढ्या हवेमुळे ती पाण्याच्या वरच राहिली. फक्त टाचा ओल्या झाल्या. हात खाली आणता येईनात, मान वळेना, वाकता येईना. वाऱ्याची झुळूक आली की ती टँकच्या दुसऱ्या टोकाला जायची. आम्ही काठाने धावत जाऊन तिला परत लोटायचो.

या सगळ्या तरंगत्या सामानाला तोलून धरणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे डायपर. पोहण्याचा डायपर वेगळा असतो, तो पाणी शोषत नाही, ही माहिती हॉटेलच्या पाटीवर नव्हती. तिथे फक्त 'नायलॉन कॉश्च्युम कंपल्सरी' होतं. आमचा साधा डायपर आपल्या कर्तव्याला जागला. त्याच्या वाट्याला फारसं पाणी येत नव्हतं, पण जे शिंतोडे आले ते त्याने सोडले नाहीत. वर बदक ओढतंय, खाली डायपर. मधल्या मध्ये लेकीने भोंगा पसरला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एवढा वेळ खुर्चीवर पेपर धरून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मुलाला विचारलं, "काबे, पोट्टीले पोहणं शिकवून राह्यला का पाण्यापासून वाचवून राह्यला?"

नवरा पाण्यात गुडघाभर उभा होता. एका हातात फोन, आणि तो फोन एका पारदर्शक, बुडाली तरी वर येणाऱ्या पिशवीत. म्हणाला, "बाबा, सेफ्टी आहे ती."

"सेफ्टी फोनची दिसते मले."

मामाजींचं पोहणं डब्यावरचं. त्यांच्या आधीची पिढी वाळलेल्या दुधीच्या तुंब्यावर शिकली. तुंबे पाठीला बांधायचे आणि डोहात सोडायचं. मग गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आला, झाकणाला डाग देऊन हवाबंद केलेला. मग परतवाड्या-अचलपुराकडून पंक्चरवाल्याची ट्रकची ट्यूब आली, जिच्या वॉल्व्हची पितळी दांडी प्रत्येकाच्या पोटावर आपली सही करून गेली. माझा नवरा त्याही पुढचा. तो अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या टँकवर उन्हाळी शिबिरात शिकला. 1914 पासूनची संस्था, 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये मल्लखांब आणि हुतूतू दाखवून आलेली. तिच्या टँकात शिकलेल्या माणसाने बदकाच्या मागे पळावं, हे मामाजींना सहन होत नव्हतं.

"डबा पाठीवर राहे," ते पेपर खाली ठेवून मला समजावू लागले. मुलाला समजावणं त्यांनी सोडलेलं आहे. "पाठीवर डबा आला का माणूस आपोआप आडवा होते. आडवा झाला का पाय मारते. ह्या फुग्यानं तं पोट्टी उभी होऊन राह्यली. उभा माणूस कधी पोहते काय? उभा माणूस सायकल चालवते."

मी हसले, पण म्हाताऱ्याचं शास्त्र पक्कं होतं. पोहणं शिकवणारे हल्लीचे लोकही दंडाच्या फुग्यांवर नाक मुरडतात, ते याचसाठी. फुगे खांदे वर उचलून धरतात, बाकीचं अंग खाली लोंबतं, मूल पायडल मारतं आणि पाणी आपल्याला असंच उभं धरतं अशी त्याची समजूत होते. मग एक दिवस ते फुग्यांशिवाय त्याच भरवशाने उडी टाकतं. सीटचं दुखणं निराळं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं उंचीच्या साधारण पाचवा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं आठवा. असं वरून जड लेकरू गोल सीटमध्ये कलंडलं तर पाय वर, तोंड पाण्यात, आणि तेच सीट त्याला सरळ होऊ देत नाही. खरं पाहता बुडू नये म्हणून लेकराला फार थोडी मदत लागते. माणसाचं अंग पाण्याच्या जवळपास वजनाचंच. छातीत हवा असेल तर जरासं हलकंच. बारा किलोच्या पोरीला वर ठेवायला थोडकासा आधार पुरतो. आणि मामाजींचा पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा? त्यात सोळा लिटरच्या आसपास हवा, म्हणजे पत्र्याचं वजन वजा केलं तरी पंधराएक किलोंची उचल! त्या डब्यावर आमची लेक, बदक आणि तिची आजी एकदम तरंगली असती. तेव्हा डब्यालाही मी फार डोक्यावर घेणार नाही. पाठीवरचा डबा माणसाला आडवं करतो खरा, पण दमलेल्या माणसाला तो पालथंच ठेवतो, नाक पाण्यात.

मी हे बोलून दाखवलं. मामाजी म्हणाले, "डब्याच्या बाजूले माहा मामा राहे ना."

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. तुंबा असो की ट्यूब, त्याच्या शेजारी एक कावलेला मामा पाण्यात उतरलेला असायचा, कारण त्या तुंब्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. दोरी सुटायची, डाग निघायचा, डबा गुडगुड करत भरायचा. नव्या फुग्यांवर कित्येक भाषांत बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे जीव वाचवण्याचं साधन नव्हे, मोठ्या माणसाने जवळ असावं. आमच्या फुग्यांवर मराठी नव्हती, पण मराठीत असती तरी ती वाचायला फुगा फुगण्याआधी पाहावा लागतो, आणि तेव्हा ती सुरकुतीत असते. फुगा इतका रंगीत, इतका आश्वासक, की मोठी माणसं त्याच्या हवाली लेकरू करून काठावर कांदाभजी मागवतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात की एका वर्षानंतर मुलांना पोहण्याची शिकवणी द्यायला हरकत नाही, मात्र मोठं माणूस हात पुरेल एवढ्या अंतरावर पाहिजे. कारण लेकरू बुडतं तेव्हा सिनेमातल्यासारखं हातपाय आपटून ओरडत नाही. ते गप्प होतं. आणि गप्प लेकरू हे आईबापांना नेहमी चांगलंच लक्षण वाटतं. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर बोटीत बसणाऱ्यांना घालायला देतात ते जॅकेट निराळं, ते बोटीसाठी; तिथेही आपले लोक बकल उघडं ठेवून फोटोपुरतं ते अंगावर टाकतात, ही गोष्ट वेगळी.

मामाजी उठले. पायजमा गुडघ्याच्या वर दुमडला, बनियनवर टँकमध्ये उतरले. हॉटेलचा पोऱ्या कॉश्च्युमचं काही तरी म्हणू लागला, मामाजींनी त्याला "बस बाप्पा" म्हटलं, आणि तो खरंच बसला. त्यांनी नातीचं बकल काढलं, फुगे काढले, बदक दिराकडे फेकलं. डायपरही मी तेवढ्यात बदलून टाकला. निथळून पाहिला असता तर टँकची पातळी वाढली असती.

"अवो, काही झालं तं?" सासूबाई काठावरून ओरडल्या. "गारठली तं?"

त्यांची दुसरी शंका रास्त होती. चिखलदऱ्याच्या रात्री मे महिन्यातही गार, आणि लहान अंगातली ऊब लवकर जाते. ओठ निळसर दिसले की टॉवेल, असं आमचं ठरलं होतं.

मामाजींनी तिच्या पोटाखाली तळवा ठेवला. ती आडवी झाली. आधी घट्ट मुठी, मग एक पाय हलला, मग दुसरा, मग दोन्ही पायांनी तिने आजोबांच्या चष्म्यावर पाणी मारलं. एक घोट नाकात गेला, ठसका लागला, रडायचं की हसायचं याचा तिने क्षणभर विचार केला आणि हसली. मग तिच्या त्या वयाचा लाडका शब्द आला, "सोड."

"सोडलं," मामाजी म्हणाले.

सोडलं नव्हतं. तळवा दोन बोटं खाली नेला होता, एवढंच. अख्खं वऱ्हाड याच थापेवर पोहायला शिकलेलं आहे, असं मला तेव्हा वाटलं. तुंबे आणि डबे आपले नावाला. लेक मात्र आपण सुटलो या आनंदात पाय मारत राहिली. नवऱ्याने हे सगळं टिपायला फोन वर केला, तर पिशवीच्या आतून वाफ धरलेली. त्यात फक्त आवाज आला आहे, आणि तोही बहुतेक सासूबाईंचा.

ओठ निळे व्हायच्या आत तिला टॉवेलात गुंडाळलं. मामाजी टँकमध्येच उभे. सुनेला थेट सांगायचं नाही म्हणून त्यांनी नातीला सांगितलं, "तुया मायले म्हणा, आता तिचा नंबर."

मला पोहता येत नाही. मी वर्ध्याची, आमच्याकडे पाणी बादलीत भेटतं. मी म्हटलं, "मामाजी, मला हे फुगे दंडात जाणार नाहीत."

"फुगे कोण म्हणते? डबा बांधू." त्यांनी पोऱ्याला हाक मारली, "जाय बरं बावा, भटारखान्यातून तेलाचा डबा आण. झाकण पाहून आणजो."

आता सासूबाई काहीतरी मोडता घालतील म्हणून मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला होता. "दोन सांग," त्या म्हणाल्या. "इतक्या दूर आलो तं मी बी उतरतो."

पोऱ्या बऱ्याच वेळाने आला. हात रिकामे. म्हणाला, "डबे दोन आहेत, पण एकाचं झाकण कापलेलं आहे. दुसरा सीलबंद आहे, त्यात पूर्ण तेल आहे."

सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "मंग आचाऱ्याले म्हणा, आज साऱ्या हॉटेलले भजे तय. सकायपर्यंत होते रिकामा. अन् बाप्पा, झाकण सांभाळून काढजा म्हणा."