बदलीवाले दर्यावर्दी

दिल्लीकराला समुद्रातलं काय कळतं, असं मुंबईकर नेहमी विचारतो. चौपाटीवर भेळ खाल्ली की आपण आंग्र्यांच्या आरमारातले, अशी त्याची समजूत असते. पण सरकारी कागद दिल्लीच्या बाजूने आहेत. नौदलाचं मुख्यालय दिल्लीत. बंदरं आणि जहाजांचं मंत्रालय संसद मार्गावर. देशाच्या किनाऱ्यांवरच्या दोनशेहून अधिक दीपगृहांचा कारभार नोएडाच्या सेक्टर २४ मधल्या ‘दीप भवना’तून चालतो, जिथल्या माणसाला भरती-ओहोटी पाहायची तर आधी तिकिटाचं आरक्षण करावं लागतं. अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणही नोएडातच. २०१६च्या कायद्याने जे १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले त्यांत यमुना ११०व्या क्रमांकावर आहे, आणि कालिंदी कुंजपाशी तिच्यावर फेसही भरपूर येतो. लाटा तेवढ्या मंजूर व्हायच्या आहेत. तरीही कार्यालयांच्या पाट्यांवरून कुणी दर्यावर्दी ठरत नाही, हे मान्य. माझं म्हणणं वेगळं आहे. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्याने बोटीतून जाताना सोबतीला माणूस हवा असेल, तर तो दिल्लीच्या सरकारी क्वार्टरातला घ्यावा. बोटीवरची मैत्री निभवायला जो स्वभाव लागतो, तो या शहरात बदलीच्या आदेशासोबत मिळतो.

तो स्वभाव कसला, हे शिडाच्या होड्या घेऊन महिनोन् महिने फिरणाऱ्यांकडे पाहिलं की कळतं. ही मंडळी एकटेपणाच्या ओढीने निघतात आणि पहिल्याच खाडीत शेजाऱ्याकडे चहाला जातात. कारण वारा आणि ऋतू सगळ्यांना एकाच जागी आणून सोडतात. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, म्हणून होड्या सुरक्षित बंदरांत गोळा होतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावायचा नसतो. खोळंबलेल्या माणसांना ओळख करून घ्यायला निमित्त लागत नाही. कुणाचा पंप बिघडलेला असतो, कुणाकडे जादा दोर असतो, कुणाला पुढच्या खडकांची माहिती असते. रेडिओवर सोळा नंबरच्या चॅनेलवर हाक मारायची, उत्तर आलं की दुसऱ्या चॅनेलवर जाऊन गप्पा हाणायच्या, कारण सोळा नंबर संकटासाठी मोकळा ठेवायचा असतो. आणि एके दिवशी वारा फिरला की नांगर उचलायचा. रडारड नाही, ‘पत्र पाठवा’ नाही. ही मैत्री संपणार हे पहिल्या चहापासून दोघांना ठाऊक असतं, म्हणून ती लवकर जमते आणि उगाच ताणली जात नाही.

आता हेच वर्णन आर. के. पुरम किंवा सरोजिनीनगरला लावून पाहा. केंद्रातल्या प्रतिनियुक्तीवर उपसचिव येतो चार वर्षांसाठी, संचालक आणि सहसचिव पाच वर्षांसाठी. फौजी तर त्याआधीच हलतो. म्हणजे वसाहतीत कुणी ना कुणी कायम सामान बांधत असतं, नाहीतर सोडत असतं. नव्याला मुलाच्या शाळेचा फॉर्म कुठे मिळतो ते जुना सांगतो, आणि जुन्याची बदली निघाली की त्याचा कूलर, गीझर आणि कामवाली बाई नव्याच्या नावावर होते. मराठी माणूस असेल तर पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात जायचं किंवा गणपतीच्या आरतीला उभं राहायचं, एवढं पुरतं; तिसऱ्या आरतीपर्यंत शेजारचे देशपांडे आपल्याला पनीर कुठून घ्यावं ते सांगत असतात. पुण्यात हीच मजल गाठायला दोन पिढ्या आणि एक सोयरीक लागते. वसाहतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे इथला सोळा नंबर. फरक इतकाच, की पाणी गेल्याची खरी हाक तिथे सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते.

या सिद्धान्ताची कसोटी लागते अंदमानात. केंद्र सरकारी नोकराला रजा प्रवास सवलतीत, म्हणजे एलटीसीत, एरवी गावी जायचं असतं. पण खास सवलतीखाली गावाच्या बदल्यात अंदमानला जाता येतं, आणि एरवी विमानाचा हक्क नसलेल्यालाही त्यासाठी विमान मिळतं. त्यामुळे पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, स्वराज द्वीपाकडे निघणाऱ्या बोटीत दिल्लीची अर्धी मंत्रालयं गाठ पडण्याची शक्यता असते. ‘आप किस मंत्रालय से?’ हा पहिला प्रश्न. उत्तर आलं की दोघे मनातल्या मनात एकमेकांना वेतनश्रेणीच्या अठरा पायऱ्यांवर बसवतात आणि मग निवांत होतात. त्यानंतर जे संभाषण सुरू होतं त्याला सागरी परंपरेत तोड नाही. बोर्डिंग पास टाकू नका, दाव्याला जोडावा लागतो. आगाऊ रक्कम उचलली असेल तर परतल्यावर महिन्याच्या आत बिल द्या. दहा दिवसांची अर्जित रजा रोखीत काढली का? खलाशी एकमेकांना खडक आणि प्रवाह सांगतात. हे लेखापरीक्षणाचे खडक सांगतात. पाण्याखाली दिसत नाही ते आधी पार केलेल्याकडूनच शिकावं लागतं.

यावर कोकणातला माणूस हरकत घेईल, आणि त्याची हरकत वजनदार आहे. बोटीची खरी संगत भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींवर होती, असं तो म्हणेल. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, हर्णै, दाभोळ, जयगड करत रात्र काढायची, बोट आत येऊ शकत नसेल तिथे भरसमुद्रात पडावात उतरायचं. तिथला पहिला प्रश्न ‘तुमी खयचे?’ आणि दुसऱ्या प्रश्नात नातं निघायचं. हे सगळं खरं, पण त्यात एक अडचण आहे. नातं निघालं की वादही निघतो. ज्याच्या चुलत्याने आपल्या काकांचं कलम तोडलं त्याच्याशेजारी देवगडपर्यंत पडून राहणं ही संगत नव्हे, शिक्षा आहे. आणि पडावातून उतरल्यावरही तो गावात भेटणारच. दिल्लीवाल्याच्या शेजाऱ्याला मंत्रालय असतं, कलमं नसतात.

दुसरी हरकत अशी, की दिल्लीकर हुद्दा विचारतो, म्हणजे माणूस पाहतच नाही. पण शिडाच्या होडीवालेही होडी किती फुटी हे आधी विचारतात; मोठ्या होडीवर चहा बरा मिळतो एवढाच त्याचा अर्थ. शिवाय समुद्राने यावर उपाय ठेवला आहे. वारा चढला आणि बोट लागली, की सातव्या पायरीचा आणि चौदाव्या पायरीचा माणूस एकाच प्रकारच्या कागदी पिशवीत तोंड घालतो, आणि लिंबू ज्याच्याकडे असेल तो त्या क्षणापुरता सचिव. राहिला उथळपणाचा आरोप. दोन तासांची ओळख कसली खोल असणार, असं विचारतात. मात्र खोल मैत्री ही घरी, सवडीने करायची गोष्ट आहे. प्रवासात हवा असतो तो आपल्या सामानावर लक्ष ठेवणारा, मुलाला खिडकी देणारा आणि परतीच्या बोटीची वेळ खरी सांगणारा माणूस. ते करताना तो आपल्या आयुष्यात मुक्काम ठोकत नाही, हा त्याचा दोष नसून गुण आहे.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. हा सगळा युक्तिवाद बदली होणाऱ्या दिल्लीकराचा आहे. गुरुग्रामला स्वतःचा फ्लॅट घेऊन पार्किंगच्या जागेवरून पाच वर्षं भांडणाऱ्याला तो लागू नाही. तो समुद्रावरही आपली खुर्ची आखून बसेल. तेव्हा अंदमानच्या बोटीत चढलात तर बूट, घड्याळ, भाषा पाहू नका. हळूच विचारा, ‘क्वार्टर कुठे आहे?’ उत्तरात टाइप आणि सेक्टर आला तर बिनधास्त शेजारी बसा, फोन नंबर घ्या आणि फोन करू नका. आणि लिंबं स्वतःची न्या. मंत्रालयाच्या भरवशावर राहू नका.