बेकारांना कामाला लावा : नवमंत्र्यांसाठी प्रवेशिका

अभिनंदन! ब्रिटनच्या 'काम आणि निवृत्तिवेतन' खात्याची खुर्ची तुमच्या वाट्याला आली आहे. फायली वाचायची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात एकच भाषण करायचं असतं आणि ते तयार आहे: भत्त्यावर जगणाऱ्यांना कामाकडे वळवायची वेळ आली आहे, मागच्या सरकारला ते जमलं नाही. मागच्या सरकारच्या मंत्र्यानंही हेच भाषण केलं होतं, तेव्हा त्यातलं सरकारचं नाव तेवढं तपासून घ्या.

सुरुवात पाटीपासून करावी. बेकारांची रांग जिथे लागते त्या जागेला 1910 साली 'लेबर एक्स्चेंज' म्हणत. पुढे ती एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज झाली, 1973 पासून जॉबसेंटर आणि 2002 साली जॉबसेंटर प्लस. 'प्लस' म्हणजे नेमकं काय वाढलं, हे विचारू नये. बेकारी भत्त्याचंही 1996 मध्ये बारसं झालं आणि तो 'काम शोधणाऱ्याचा भत्ता' झाला. मग 2012 च्या कायद्यानं सहा वेगवेगळे भत्ते एकत्र करून 'युनिव्हर्सल क्रेडिट' आणलं. सगळं 2017 पर्यंत आटोपायचं ठरलं होतं. ते आटोपलं नाही, पण तोवर मंत्री बदलले होते.

पाटी लागली की लाभार्थ्याकडून लेखी हमी घ्या. धडधाकट माणसानं आठवड्याचे 35 तास काम शोधायचं आणि शोधल्याची नोंद ऑनलाइन रोजनिशीत करायची. काम आहे की नाही, हा प्रश्न इथे उद्भवत नाही. गावातल्या चार दुकानांत विचारून सोमवारी दुपारीच यादी संपली, तर मंगळवारी पुन्हा त्याच चार दुकानांत जावं. नोंद राहिली, भेटीला उशीर झाला, की भत्ता कापावा. 2012 च्या नियमांनुसार, काम नाकारण्यासारखा गुन्हा तिसऱ्यांदा घडला तर तीन वर्षं भत्ता बंद ठेवता येत असे. 2019 मध्ये अँबर रड यांनी ही मुदत सहा महिन्यांवर आणली. मंत्र्यांमध्ये अशी हळवी माणसं अधूनमधून निघतात.

इथे एक धोक्याची सूचना. महाराष्ट्र नावाच्या राज्यानं 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला आणि त्यात हा सगळा मामला उलटा टांगला. मजुरानं काम मागायचं, आणि 15 दिवसांत ते मिळालं नाही तर सरकारनं त्याला भत्ता द्यायचा. म्हणजे काम शोधायची जबाबदारी सरकारवर! तो कायदा रेटणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यामुळे त्यांना समजावून सांगणार कोण? अर्थात तिथल्या कचेऱ्यांनी यावरही तोड काढली. मजुराच्या अर्जाची पोचच द्यायची नाही. पोच नाही म्हणजे अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणजे पंधरा दिवसांतला पहिला दिवस उजाडतच नाही. ही युक्ती तुमच्याही उपयोगाची आहे, पण कायदा मात्र लंडनच्या हवेला मानवणार नाही.

नव्या अर्जदाराला पहिला पैसा पाच आठवड्यांनी द्यावा. तोवर अडलं तर उचल द्यावी आणि ती पुढच्या भत्त्यांतून कापून घ्यावी. काटकसरीची सवय कर्जातूनच लागते.

आजारी आणि अपंग माणसांसाठी वेगळी परीक्षा आहे. ती 2008 पासून चालू आहे, आणि तिच्यात जो नापास होतो तो कामाला लायक ठरतो. पास व्हायला 15 गुण लागतात. हाताचंच घ्या. कोटाच्या वरच्या खिशात काही ठेवायला म्हणून एकही हात तेवढा उचलता येत नसेल तर पूर्ण 15 गुण. हात खिशापर्यंत जातो, पण टोपी घालायला डोक्यापर्यंत जात नाही, तर 9. डोक्यापर्यंत जातो, पण त्याच्या वर फळीवरचं काही काढायला जात नाही, तर 6. थोडक्यात, ज्याला टोपी घालता येत नाही त्यानं उरलेले सहा गुण पाय, डोळे, मन यांतून कुठून तरी गोळा करावेत. नाही जमले तर त्यानं बिनटोपीचं कामावर जावं. ही परीक्षा खात्यानं स्वतः घेऊ नये, कंपनीला द्यावी. आधी ती अ‍ॅटॉसकडे होती, 2015 मध्ये मॅक्सिमसकडे गेली. लोकांच्या शिव्या परस्पर कंपनीच्या खात्यावर जमा होतात, ही सोय मोठी.

काम शोधून द्यायलाही कंत्राटदार नेमता येतात. 2011 च्या 'वर्क प्रोग्रॅम'मध्ये निकाल दाखवाल तर पैसे, असा करार होता. पहिल्या चौदा महिन्यांत टिकाऊ नोकरीला लागले 3.6 टक्के, उद्दिष्ट 11.9 टक्क्यांचं होतं. त्याच सुमारास भूगर्भशास्त्राच्या एका पदवीधर मुलीला पाउंडलँड या दुकानात बिनपगारी माल मांडायला पाठवलं होतं. ती कोर्टात गेली आणि 2013 मध्ये अपील न्यायालयानं ते नियमच बेकायदा ठरवले. अशा वेळी खचून जाऊ नये. सरकारनं लगेच नवा कायदा केला आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला. भूगर्भशास्त्रज्ञाला उकरून काढायची सवय असतेच, तुम्ही वरून माती लोटत राहायची.

आता काम केल्यावर काय, ते पाहू. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यानं जादा कमावलेल्या दर पाउंडामागे सरकार भत्त्यातले काही पेन्स कापून घेतं. आधी 65, 2017 मध्ये 63 आणि 2021 पासून 55. दहा पाउंड जादा कमवा, साडेचार घरी न्या, त्यातून बसचं भाडं द्या. याच देशात सर्वांत श्रीमंत माणसाला आयकराचा वरचा दर 45 टक्के आहे. हे दोन आकडे एका पानावर छापू नयेत.

यशोगाथा हव्यातच. 2015 मध्ये खात्यानं भत्ता कापण्याविषयी एक पत्रक काढलं. त्यात सारा नावाची बाई होती, फोटोसकट. बायोडेटा लिहिला नाही म्हणून तिचा भत्ता कापला होता, मग तिनं तो लिहिला आणि आता ती भलतीच खूश होती. कुणीतरी माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा कळलं की सारा नावाचं कुणी नाहीच. पत्रक मागे घ्यावं लागलं. यातून एवढंच शिकायचं की पुढच्या वेळी साराला एखादा भाऊ, एखादी मावशी द्यावी. गोतावळा असला की माणूस खरा वाटतो.

योजनेमुळे काम किती जणांना मिळालं, हे मोजायच्या फंदात पडू नका. युनिव्हर्सल क्रेडिटमुळे दोन लाख जास्त लोक कामाला लागतील असा खात्याचा दावा होता. ते खरं झालं की नाही हे खात्याला कधीच मोजता येणार नाही, असं सरकारी लेखापरीक्षकांनी 2018 मध्ये लिहून ठेवलं. टीका म्हणून लिहिलं असलं तरी तुम्ही ते अभयपत्र म्हणून भिंतीवर लावू शकता.

एका ठिकाणी मात्र पाय घसरतो: स्वतःच्याच पक्षाच्या बाकांवर. 2025 मध्ये खात्याच्या तेव्हाच्या मंत्री लिझ केंडल यांनी विधेयक आणून अपंगांचा पीआयपी भत्ता आवळायला घेतला. माणसं कामाला लागावीत म्हणून! हा भत्ता नोकरी करणाऱ्या अपंगालाही मिळतो, आणि कित्येक जण त्याच्याच जोरावर कामावर जातात. 1 जुलैला चर्चा ऐन रंगात असताना, सभागृहातच उभं राहून राज्यमंत्र्यांनी तो भाग मागे घेतल्याचं सांगितलं. विधेयक मंजूर झालं. बचत जवळपास सगळी गेली. खासदारांच्या मतदारसंघात अपंग माणसंही राहतात, हे विधेयक छापायच्या आधी तपासून घ्यावं.

शेवटची सूचना तुमच्या सामानाविषयी. मार्च 2016 ते सप्टेंबर 2019 या साडेतीन वर्षांत या खुर्चीवर सहा जण येऊन बसले. एखाद्या लाभार्थ्याच्या बायोडेटात वर्षाला दोन-दोन नोकऱ्या दिसल्या तर जॉबसेंटरात त्याला खुलासा विचारतील. तुम्हाला कुणी विचारणार नाही. डेव्हिड गॉक सात महिन्यांत इथून उठले ते थेट न्यायमंत्री झाले. तेव्हा टेबलावर घरच्यांचा फोटो ठेवा, पण भिंतीत खिळे ठोकू नका.